दुसरी मुलगी का मेली

मला पेपरात 'माणुसकीला पारखा' म्हणून छापलंय. नाव नाही छापलं, आणि छापलं तेही पुरुषासारखं, कारण लिहिणाऱ्या बाईंना वाटलं की मी कोणीतरी परदेशातला गोरा दिग्दर्शक आहे. प्रत्यक्षात मी काळाचौकीच्या चाळीतली नलू, नववी नापास, नवरा संपावर, आणि त्या रविवारी सकाळी ते वाचताना माझ्या मांडीवर तांदूळ निवडायचं सूप होतं. माझं डोकंच सटकलं. सूप आपटलं, अर्धे तांदूळ जमिनीवर. आमचे हे विचारतात, "काय गं, कोण मेलं?"

"मेलं कोण नाही," म्हटलं. "मलाच मारलंय."

सगळं नीट सांगते, नाहीतर म्हणाल बाई उगाच भांडखोर आहे. भांडखोर आहेच मी, पण उगाच नाही.

त्र्याऐंशी साल संपत आलं होतं. गिरण्यांच्या संपाला दोन वर्षं होत आली. कोणी म्हणे संप मिटला, कोणी म्हणे चालू आहे, आणि आमच्या घरात दोन्ही म्हणणारे एकच होते, सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरं. काही माणसं मालकाच्या कागदावर सह्या करून गपचूप कामावर गेली होती. त्यांच्या बायका नळावर आल्या की बाकीच्या पाण्याकडे बघत राहायच्या. मीसुद्धा बघायची, खोटं कशाला बोलू?

आमचे हे, कोंडीराम (घेते नाव, आता कोण बोलणार मला), साचेखात्यात होते. साचे म्हणजे कापड विणायचे माग. त्याच खात्यातले दगडूभावजी. त्यांचा मेहुणा बोटीवर खलाशी, त्यानं कुठल्या कुठल्या बंदरातून व्हिडिओ नि पेटीभर कॅसेटी आणल्या. चाळ कमिटीची तळमजल्यावरची खोली रिकामी होती, तिथं भावजींनी व्हिडिओ सेंटर काढलं. बायकांचा खेळ दुपारी दोनला. तेव्हा खानावळवाल्या बायकांची भांडी झालेली असतात आणि मासळीवालींच्या पाट्या रिकाम्या झालेल्या असतात.

आता हिंदी कॅसेटी सगळ्यांकडे होत्या. आमच्याकडे मेहुण्याच्या पेटीतला माल, आणि तो मेला सगळा कापाकापीचा. कॉलेजातल्या पोरी, जंगलातला बंगला, मुखवटा घातलेला एक माणूस नि हातात सुरा. पोरी एकेक करून मरतात, शेवटी एक उरते. पहिल्याच दिवशी पन्नास बायका अंधारात बसल्या आणि कोणाला ओ का ठो कळेना. भावजी म्हणाले, "नलूवहिनी, तुम्ही नववीपर्यंत शिकलाय, जरा सांगा ना यांना." मी टीव्हीच्या बाजूला उभी राहिले आणि सांगायला लागले. ते कोण, ही कोण, हिची मैत्रीण तिच्यावर का जळते. इंग्रजी मला चार आणे कळायचं, बारा आणे मी चेहऱ्यांवरून लावायची. आणि काय सांगू, जमलं! बायका हसल्या, किंचाळल्या, पदर तोंडात कोंबून बसल्या. शेवटच्या पोरीला त्यांनी नावच पाडलं, 'उरलेली'. सिनेमा सुरू झाला की पहिल्या पाच मिनिटांत पैज लागायची, यातली उरलेली कोण.

त्या दुपारपासून मी नळावर, बाजारात, कुठंही गेले की बायका म्हणायच्या, "ती बघ, सांगणारी." लग्नाला अकरा वर्षं झाली होती तोवर. अकरा वर्षांत मला कोणी माझ्या स्वतःच्या कुठल्या गोष्टीवरून ओळखलं नव्हतं. हे मला फार आवडायचं. आवडायचं म्हणजे, सकाळी डोळे उघडले की आधी दोन वाजण्याची आठवण यायची.

मग ती कॅसेट आली. डब्यावरचा कागद निघालेला. सुरू केली आणि दोन मिनिटांत मला कळलं की हे इंग्रजी नाही. फ्रेंच असेल, इटलीचं असेल, देव जाणे. मला एक शब्द कळला, मारिया. समोर पन्नास बायका, सगळ्यात पुढं काशीबाई.

काशीबाई कोळीण, परळच्या मार्केटात बसते. तिला वाटायचं की नलूला जगातली प्रत्येक भाषा येते. चार लोकांत सांगायची तसं.

भावजींनी मागून हात हलवला, चालू करा म्हणून. आणि पडद्यावर काय दिसलं? तळ्याकाठी मोठं घर, आत गालिचे विणायचे माग, आणि माग चालवणाऱ्या नऊ पोरी. माग बघितल्याबरोबर अख्खी खोली सरसावून बसली. मी मनात म्हटलं, नले, आता थांबलीस तर गेलीस. तोंड उघडलं नि लोणकढी थाप सुरू केली.

सांगितलं की या पोरी संपावर आहेत. मालकाला कारखाना मोडून जमीन विकायची आहे. जमिनीचा एक कागद पोरींच्या हाती लागलाय, म्हणून मालक काळे हातमोजे घालून एकेकीला मारतो. सगळं जुळत गेलं, अगदी शिवल्यासारखं. पहिली मेली ती मारिया, बायका हळहळल्या. मग एक तांबड्या केसांची पोरगी आली. बाकीच्या सगळ्या बाहेर तळ्याकाठी, आणि ही एकटीच आत मागावर येऊन बसली. माझ्या तोंडून निघून गेलं, "ही सही करून कामावर आली. फुटली ही! विकली गेली!" तिच्या मागून काळे हातमोजे आले, आणि ती मेली तेव्हा आमच्या खोलीत टाळ्या पडल्या. मला वाटलं, काय सांगितलं नलू तू, वा!

तीन आठवडे तीच कॅसेट चालली. बायका पुन्हा पुन्हा यायच्या. त्यात एक दिवस मागच्या रांगेत या लेखवाल्या बाई येऊन बसल्या होत्या, ते मला कळलंही नाही.

त्यांचं नाव मृणालिनीबाई. गिरगावात राहायच्या, बँकेत मोठ्या हुद्द्यावर, आणि रविवारच्या पुरवणीत सिनेमावर लिहायच्या. लेख मला आजही पाठ आहे. 'गिरणगावातल्या बायका भर दुपारी बायकांचेच खून बघायला जमतात' अशी सुरुवात. मग या सिनेमांमध्ये बाईचं शरीर म्हणजे नुसता कापायचा जिन्नस कसा असतो, ते. आणि शेवटी, 'संप फोडणाऱ्या एका गरीब मुलीच्या खुनावर टाळ्या वसूल करणारा हा दिग्दर्शक माणुसकीला पारखा आहे.'

दिग्दर्शक म्हणजे मी.

तेवढ्यावर थांबलं असतं तरी मी गिळलं असतं. पण चाळ कमिटीचे गंगाधरभाऊ, गिरणीतले जुने टाइमकीपर, पेपर घडी करून काखेत मारून दगडूभावजींकडे आले. म्हणाले, चाळीचं नाव पेपरात गेलं, येत्या रविवारी सभा घेतो, त्या बाईंनाही बोलावतो, आणि खोली परत घेतो. खोली गेली की खेळ गेला. भावजींना दुसरं काहीतरी सापडलं असतं. पण मी? मी परत नुसती कोंडीरामची बायको. नाही, नाही, नाही! मी ठरवलं की खेळ बंद होऊ द्यायचा नाही, काय वाटेल ते होवो.

भावजींनी पेपरच्या ऑफिसात फोन लावून पत्ता काढला आणि बुधवारी संध्याकाळी मी काशीबाईला घेऊन बशीत बसले. काशीबाई कशाला, तर मी एकटी गेले असते तर बाईंच्या घरात काहीतरी बोलून बसले असते. काशीबाई सोबत असली की मला तिला आवरावं लागतं आणि आपोआप मी शांत राहते.

तिसऱ्या मजल्यावरचं घर, पुस्तकं जमिनीपासून छतापर्यंत. बाई पन्नाशीच्या, केस अर्धे पांढरे, बोलणं शांत. आम्हाला खुर्चीवर बसवलं, स्वतः चहा आणला. हे मला पटलं नाही, कारण मी भांडायला आले होते आणि चहा घेऊन भांडता येत नाही.

"तुम्ही लिहिलंत आम्ही खून बघायला जमतो," मी म्हटलं. "तुम्ही मेलेल्या मोजता, बाई. आम्ही उरलेली बघायला जातो."

"उरलेली?"

"शेवटी जी जगते ती. पडते, धडपडते, लंगडते, पण मरत नाही. दोन वर्षं आम्ही दुसरं काय करतोय?"

बाई म्हणाल्या, "हे मला सुचलं नव्हतं. खरंच. पण एक उरावी म्हणून आठ मरायला हव्यात का? आणि कॅमेरा बघा कुठे असतो. खुन्याच्या डोळ्यांत. त्याच्या नजरेतून तुम्ही त्या मुलीकडे बघता. तो तुम्हाला त्याच्या बाजूला नेऊन बसवतो."

"तो कुठून येतो ते आम्हाला आधी कळायला नको? तिला नाही दिसत, आम्हाला दिसतं, म्हणून तर आम्ही ओरडतो."

"आणि किती ते रगत दाखवतात!" काशीबाई मध्येच बोलली. "मी रोज सुरमई कापते. एका घावात एवढं रगत निघत नाही गो बाय. सगळं खोटं. आम्हाला कळतं ते."

बाई हसल्या, मग एकदम हसायच्या थांबल्या. "तुम्ही ओरडता ते मी ऐकलं. सात जणींसाठी ओरडलात. पण त्या तांबड्या केसांच्या मुलीसाठी एकजणही ओरडली नाही. ती मेली तेव्हा तुम्ही टाळ्या वाजवल्या."

"ती फुटली होती!" काशीबाई म्हणाली.

"म्हणून मारायची? मला राग तुमचा नाही. मला राग आला तो ज्यानं हे लिहिलं त्याचा. दूर देशात खुर्चीवर बसून कुणीतरी ठरवतो की भुकेपोटी कामावर गेलेली मुलगी मेली तर लोक खूश होतील. आणि बरोबर ठरवतो, हे जास्त वाईट."

कप माझ्या हातात तसाच राहिला. तुम्हाला खरं सांगते, आधी मला अभिमान वाटला. एवढी शिकलेली बाई माझी गोष्ट परदेशातली समजून तिच्यावर इतका विचार करते! आणि त्याच्या मागोमाग असं वाटलं की जमिनीत गडप व्हावं. मी तिथंच सांगून टाकलं असतं. पण शेजारी काशीबाई बसली होती. तिला कळलं की रात्रीच्या आत लालबागला कळणार की नलूनं सगळ्यांना शेंडी लावली. मग कोण येतंय माझं ऐकायला? मी चहा संपवला नि उठले. येताना बशीत काशीबाई म्हणाली, "बाई हुशार आहे हां. पण तुझ्यासारखी भाषा नाही येत तिला." मी खिडकीबाहेर बघत राहिले.

रविवारी खोली गच्च भरली. पुरुष भिंतीला टेकून, बायका खाली सतरंजीवर. रखमा सगळ्यांत मागं, दाराजवळ. रखमा माझ्या शेजारच्या खोलीतली. तिचा नवरा दत्तू ऑगस्टात सही करून कामावर गेला होता. तेव्हापासून आमचं बोलणं तुटलं होतं, पण दुपारच्या खेळाला ती यायची, मागं बसायची. अंधारात कोण कोणाकडे बघतं?

मृणालिनीबाई छान बोलल्या. ओरडल्या नाहीत, शिव्या दिल्या नाहीत. म्हणाल्या, "तुमच्या घरातलं दुःख कुणी परका मसाला म्हणून वापरतो आणि तुम्हालाच विकतो, याचा तुम्हाला राग यायला हवा." पुरुष माना डोलवायला लागले. आमच्या ह्यांनीसुद्धा मान डोलवली, बघितलं मी. गंगाधरभाऊ कुलूप टेबलावर ठेवून म्हणाले, "असला सिनेमा दाखवणाऱ्यांना कमिटी खोली देणार नाही. कोणाला काही बोलायचंय?"

दगडूभावजी खाली बघत होते. मी मनात म्हटलं, गप्प बसलीस तर खोली जाते. बोललीस तर बायका जातात. दोन्हीकडून तूच मरतेस नले, तर निदान उभी राहून मर. आणि उभी राहिले.

"तो सिनेमा संपाचा नाही," मी म्हटलं. "त्यात मालक नाही, कागद नाही, सही नाही. त्या कॅसेटची भाषा कुठली तेसुद्धा मला माहीत नाही. जे काय तुम्ही ऐकलंत ते सगळं मी रचलं. बाईंनी ज्याला माणुसकीला पारखा म्हटलं, ती मी."

आधी कोणाला कळलंच नाही. मग एकदम गलका झाला. पुरुष हसायला लागले. हसा मेल्यांनो, ते चाललं असतं मला. पण बायका हसत नव्हत्या. काशीबाई हळूच म्हणाली, "म्हणजे मारिया?"

"नाव खरं आहे. बाकी काही माहीत नाही."

"मी घरी जाऊन रडले तिच्यासाठी. तुझ्या थापेसाठी रडले?" काशीबाईनं तोंड फिरवलं. ते मला सुऱ्यासारखं लागलं.

मृणालिनीबाई माझ्याकडे बघत होत्या. रागानं नाही, पण बारीक नजरेनं, हिशेब पुन्हा तपासावा तसं. "बुधवारी का नाही सांगितलंत?" त्यांनी विचारलं.

"हिंमत नव्हती."

तेवढ्यात मागून रखमा बोलली. तीन महिन्यांत पहिल्यांदा ती माझ्याशी बोलत होती. "मग ती तांबड्या केसांची? ती कामावर गेली म्हणून मेली, हेसुद्धा तूच घातलंस?"

"हो," मी म्हटलं. "मीच घातलं."

"बाईंना इथं मी आणलं," रखमा म्हणाली. "मी यांच्याकडे पोळ्या करते. मीच म्हटलं, बाई, एकदा येऊन बघा. मला विचारायचं होतं त्यांना. चाळीत बोलतात ते ठीक आहे, आमचीच माणसं आहेत. पण मला वाटलं, लांब परदेशात, ज्यांनी आम्हाला कधी बघितलंही नाही, तेसुद्धा आमच्याबद्दल असंच म्हणतात? त्यांच्याकडेही अशी बाई मेली की लोक टाळ्या वाजवतात?" ती माझ्याकडे वळली. "तीन आठवडे मला झोप नाही, नलू. आणि ते तू होतीस. भिंतीपलीकडची."

मला रडू आलं, आणि मी ते थांबवलंही नाही. म्हटलं, "पडद्यावर ती मेलीच होती गं. सुरा माझ्या हातात नव्हता. पण ती का मेली, ते माझ्या हातात होतं, आणि ते मी वाईट केलं. टाळ्या मिळाल्या म्हणून मला कळलं नाही. बाईंनी लिहिलं ते बरोबर लिहिलं. फक्त एका गोऱ्या माणसाला उगाच शिव्या बसल्या."

रखमा निघून गेली.

गंगाधरभाऊंना काय करावं कळेना. आयुष्यभर त्यांनी कोण किती वाजता आलं एवढंच लिहून घेतलं होतं. शेवटी मृणालिनीबाईच म्हणाल्या, "माझं मत विचाराल तर असले सिनेमे मला आवडत नाहीत, उद्याही आवडणार नाहीत. पण आता हा प्रश्न सिनेमाचा राहिला नाही. ज्यांना फसवलंय त्या बायका ठरवतील." बाई हिशेबाला पक्क्या. नंतरच्या रविवारी त्यांनी छापलं की दिग्दर्शकाबद्दल लिहिलं ते मागे घेते, सिनेमाबद्दल लिहिलं ते नाही.

गंगाधरभाऊ म्हणाले, "उद्या दोन वाजता खेळ लावा. बायका आल्या तर खोली राहील. नाही आल्या तर कुलूप."

त्या संध्याकाळी आमचे हे म्हणाले, "जाऊ दे गं, कशाला तोंड दाखवतेस उद्या? घरी बस." मी म्हटलं, "तुम्ही दोन वर्षं गेटवर जाऊन उभे राहता ना? गेट उघडत नाही तरी जाता ना? मग मीही जाणार."

सोमवारी पावणेदोनला मी खोली झाडली, सतरंजी अंथरली. दगडूभावजींनी विचारलं, कुठली कॅसेट? म्हटलं, तीच. ते म्हणाले, "वहिनी, वेड लागलंय का?" म्हटलं, लागलंय, लावा तीच.

दोन वाजले, कोणी नाही. दोन वाजून दहा मिनिटं, कोणी नाही. गंगाधरभाऊ दारात, हातात कुलूप. मग काशीबाई आली, रिकामी पाटी काखेत. पुढं आली नाही, मध्येच कुठंतरी बसली. "मी अजून रागावलेली आहे हां," म्हणाली. "पण पाय दुखतात." तिच्या मागून दोघी आल्या, मग पाच, मग खानावळवाल्या सगळ्या. पन्नास नाही, पंचवीस असतील. माझ्याकडे कोणी बघत नव्हतं. सगळ्यांत शेवटी रखमा आली, पण आत आली नाही, चौकटीला धरून उभी राहिली. गंगाधरभाऊंनी तिला वाट दिली, कुलूप खिशात टाकलं नि निघून गेले.

मी टीव्हीच्या बाजूला उभी राहिले. आवाज काढला. "ही भाषा मला येत नाही. जे दिसतं तेवढं सांगेन. जिथं कळणार नाही तिथं तसं सांगेन."

"आम्हाला तरी कुठं येते?" काशीबाई म्हणाली. "सांग."

तळं आलं, घर आलं, माग आले. मी सांगत गेले. ही मारिया. ही कोण ठाऊक नाही. ही रडते आहे, का ते कळत नाही. माझी गोष्ट फाटक्या जाळ्यासारखी झाली होती, जागोजागी भोकं. पण बायका ऐकत होत्या, आणि कोणीकोणी ती भोकं आपापल्या परीनं बुजवायला लागल्या. एक म्हणाली, आई वारली असेल तिची. दुसरी म्हणाली, नाही गो, नवरा असेल. तळ्याकाठी पहिली मेली.

मग तांबड्या केसांची आली. बाकीच्या बाहेर, ही एकटी आत. मागावर बसली आणि सुताचा धोटा इकडून तिकडं फेकायला लागली. दारातल्या रखमाकडे बघायची माझी छाती होत नव्हती.

"सगळ्या बाहेर आहेत," मी म्हटलं. "ही एकटी आत येऊन बसली आहे. का बसली, मला माहीत नाही."

पडद्यावर मागाचा खटखट आवाज चालू होता.

"मी सांगते," रखमा म्हणाली.

ती सतरंजीवरच्या बायकांमधून वाट काढत पुढं आली आणि टीव्हीच्या दुसऱ्या बाजूला उभी राहिली. बायकांकडे तोंड करून. "तिच्या घरात तान्हं पोर होतं," ती म्हणाली. "त्याला न्यूमोनिया झाला. तिला यायचं नव्हतं. सही करताना त्याचा हात एवढा कापत होता की पेन खाली पडलं. साहेब हसले. तो घरी आला आणि दोन दिवस जेवला नाही. पोर वाचलं, पण तो अजून पोराला उचलून घेत नाही."

ती 'तो' म्हणत होती आणि तिच्या ते लक्षातही नव्हतं. कोणी तिला थांबवलं नाही. तिच्या पाठीमागे काळे हातमोजे आले, तांबड्या केसांची मुलगी मागावरून खाली पडली, आणि रखमा पडद्याकडे न बघता सांगतच राहिली. पोराचं नाव काय, ते आता कसं हसतं, नळावर पाणी भरताना कोण कोण काय बोललं. माझं नावसुद्धा घेतलं तिनं.

तिसरी मुलगी येऊन गेली, चौथी आली. आम्ही कोणीच तिकडं बघत नव्हतो.